बाँडला पत्ते येतात, खेळ येत नाही

जेम्स बाँडवर टीका करण्याचा माझा अधिकार एवढाच, की मी भिसेगावचा. आमचं गाव कर्जत स्टेशनला चिकटलेलं. तिथून मुंबई शंभर किलोमीटर, लोकलनं दोन तासांच्या वर. एवढ्या वेळात माणूस झोपतो, भजन म्हणतो, नाहीतर मांडीवर ब्रीफकेस आडवी टाकून पत्ते पिसतो. (१८८७ चा जुगारबंदीचा कायदा आम्हाला ठाऊक आहे. आम्ही वडापाववर खेळतो.)

तर 'कॅसिनो रॉयल', २००६. फ्लेमिंगच्या १९५३ च्या कादंबरीत बाकाराचा खेळ होता, चित्रपटवाल्यांनी पोकर आणला. म्हटलं, आता डोकं लागणार! शेवटच्या डावात टेबलावर दोन एक्के आणि इस्पिकची अठ्ठी, छक्की, चव्वी. एकाकडे इस्पिकचे राजा-राणी, म्हणजे कलर. दुसऱ्याकडे अठ्ठ्यांची जोडी, म्हणजे फुलहाऊस. ल शिफ्रकडे एक्का-छक्की, त्याहून मोठा फुलहाऊस. आणि बाँडसाहेबांकडे इस्पिकची पंजी-सत्ती, म्हणजे चव्वीपासून अठ्ठीपर्यंत एकाच रंगाची सरळ रांग! डाव साडेअकरा कोटी डॉलरांचा.

आता मला सांगा, यात बाँडनं काय केलं? समोरच्या तिघांना अशी पानं दिल्यावर ते आपणहून पैसे टाकणारच. अशा वेळी आमच्या डब्यातलं पोरगंही जिंकेल. भारी पानं येणं हे नशीब. हलक्या पानांच्या माणसाकडून त्यांची किंमत वसूल करणं, हा खेळ. टुर्नामेंटमध्ये तर ते जास्तच कठीण. चिप्स संपल्या की घरी! म्हणून बक्षिसाच्या तोंडाशी आलेला भित्रा गडी मोठा आकडा पाहिला की पानं टाकून देतो. त्याच्यापुढे थोडंच मागावं. ज्याच्यापुढे चिप्सचा ढीग आहे आणि ज्याला 'बघू तरी' म्हणायची खोड आहे, त्याच्याकडे भरपूर मागावं. आणि अधूनमधून भिकार पानांवरही तोच आव आणावा लागतो, नाहीतर चार डावांत सगळ्यांना तुमचा स्वभाव कळतो.

आमच्या डब्यातले एक अकाउंटवाले काका या विद्येत पारंगत. हातात तीन एक्के आले की ते घड्याळ बघतात, सुस्कारा सोडतात आणि अशा पडेल आवाजात चाल करतात, की समोरच्याला त्यांची दया येते. दया आली की तो पॅक करत नाही. बदलापूरपर्यंत त्याचा खिसा रिकामा!

हे कसब त्या चित्रपटात आहे. फक्त ते खलनायकाकडे आहे. आधीच्या एका डावात ल शिफ्र आपली थाप मारतानाची लकब मुद्दाम दाखवतो. बाँडला वाटतं, पकडला! तो फुलहाऊसवर सगळं लावतो आणि तिकडून निघतात चार गुलाम. मला तर टाळी वाजवावीशी वाटली. बायकोनं हात धरला, शेजारच्या रांगेत सगळे बाँडवाले होते.

शेवटच्या डावात ल शिफ्रला नुसती एक्क्यांची जोडी दिली असती, तर बाँडनं किती मागितलं असतं? काकांना विचारलं. म्हणाले, "दहा लाख. आणि तेही कुरकुरत."