गोवा ट्रान्स आणि अंगात येण्याचा प्रश्न

यूट्यूबवर 'ट्रान्स' असं टाईप केलं की तास-दोन तासांचे सेट समोर येतात. चित्रात ध्यानस्थ शंकर, ॐ, कमळ, जांभळा-हिरवा प्रकाश. खाली दावा असतो, की हे संगीत मन शांत करतं, शरीर मोकळं करतं आणि आत्म्याला वरच्या पातळीवर नेतं. यातले पहिले दोन दावे मला बऱ्यापैकी मान्य आहेत. तिसऱ्याशी माझं भांडण आहे, आणि मी हे संगीत आवडीने ऐकतो म्हणूनच ते आहे.

आधी संगीताबद्दल. गोवा ट्रान्स घडलं ते हणजुणे आणि वागातोरच्या किनाऱ्यांवर. सत्तरच्या दशकात तिथे हिप्पी गिटार आणि रॉक घेऊन आले. ऐंशीच्या दशकात त्याची जागा इलेक्ट्रॉनिक संगीताने घेतली आणि नव्वदीच्या पहिल्या अर्ध्यात त्याला स्वतःचा घाट मिळाला. गोव्याच्या उन्हात आणि धुळीत रेकॉर्ड टिकत नसत, म्हणून तिथले डीजे डॅट कॅसेट वापरायचे. या कॅसेटवर दोन गाण्यांचे ठेके एकमेकांत बेमालूम मिसळणं अवघड. त्यामुळे गाणी लांबली, सुरुवात आणि शेवट ठेक्याविना, संथ ठेवले जाऊ लागले. आज ज्याला आपण 'प्रवास' म्हणतो, त्या घाटामागे अशी एक साधी तांत्रिक अडचणही आहे.

सायमन पॉसफर्डचा 'हॅल्युसिनोजेन' या नावाने १९९५ साली आलेला 'ट्विस्टेड' हा अल्बम मी या प्रकारातला उत्तम नमुना मानतो. त्याचं काम कसं चालतं ते कान देऊन ऐकलं तर कळतं. खाली एकसारखा ठोका, त्याच्या मधल्या जागा भरणारा बेस आणि वर सतत रूप बदलणारे सूर. स्वर फारसे बदलत नाहीत, बदलतो तो आवाजाचा पोत. एकच ओळ आधी भिंतीपलीकडून आल्यासारखी दबकी वाटते, मग फिल्टर हळूहळू उघडतो आणि तीच ओळ कानाशी येऊन चिरकते. मध्येच ठोका काढून घेतला जातो. आपण अधांतरी राहतो, आणि ठोका परत येतो तेव्हा अंग आपोआप सैलावतं. मनावरचा परिणाम हाच आहे. पुढे काय येणार याचा अंदाज बांधायला लावायचं, तो ताणायचा, मग पुरा करायचा. हे तासभर चाललं की उद्याच्या परीक्षेचा विचार करायला डोक्यात जागा उरत नाही.

शरीराचंही तसंच. ऑक्सफर्डच्या रॉबिन डनबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगांत, एकत्र आणि एका ठेक्यात नाचल्यावर माणसांची वेदना सहन करण्याची क्षमता वाढलेली दिसली. यात 'एकत्र' हा शब्द महत्त्वाचा आहे.

आता आत्म्याकडे येऊ. ट्रान्सचे समर्थक एक हिशोब मांडतात. मिनिटाला १४५ ठोके, प्रत्येक ठोक्याचे चार भाग, म्हणजे सेकंदाला साधारण साडेनऊ स्पंदनं. मेंदूतल्या अल्फा लहरी सेकंदाला ८ ते १२ च्या घरात. म्हणजे संगीत मेंदूला थेट समाधीत नेतं! हा विचार नवा नाही. साठच्या दशकाच्या सुरुवातीला अँड्र्यू नेहर यांनी ढोलाच्या ठेक्याचा मेंदूच्या लहरींवरचा परिणाम तपासून असंच काहीसं मांडलं होतं. फ्रेंच अभ्यासक जिल्बेर रूजे यांनी १९८० च्या 'संगीत आणि ट्रान्स' या ग्रंथात त्याला उत्तर दिलं. त्यांचं म्हणणं, संगीत ट्रान्स यंत्रासारखं घडवत नाही. ते ट्रान्सला आकार देतं आणि समाजात मान्यता मिळवून देतं, पण अर्थ त्या माणसांकडे आधीपासून असावा लागतो. मला हे पटतं. नुसत्या ठेक्याने काम भागलं असतं, तर अनंत चतुर्दशीला लक्ष्मी रोडवर बंदोबस्ताला उभा असलेला प्रत्येक शिपाई घुमायला लागला असता.

मराठीत या दोन अवस्थांना वेगळे शब्द आहेत. एक 'तंद्री' आणि दुसरं 'अंगात येणं'. तंद्री एकट्याला लागते, लोकलमध्ये खिडकीशीही लागते. अंगात येण्याला मात्र माणसं लागतात. गोंधळात संबळ घुमतो तेव्हा कोणती देवी येणार हे सगळ्यांना ठाऊक असतं. आलेल्या देवीला कुंकू लावणारं, प्रश्न विचारणारं, नंतर त्या बाईला सावरून पाणी देणारं कुणीतरी तिथे असतं. तो अनुभव खरा की खोटा यावर वाद घालता येईल, पण त्याला घर आहे.

हणजुण्याच्या त्या जुन्या मंडळींकडेही असं घर होतं. गोवा गिल हा त्यांच्यातला सर्वांत परिचित डीजे. कॅलिफोर्नियात जन्मलेला, तरुणपणी भारतात आलेला, जुना आखाड्याची दीक्षा घेतलेला. २०२३ साली तो गेला. त्याच्या लेखी रात्रभराचा नाच हा विधीच होता. आपण ती श्रद्धा मानू किंवा न मानू, त्यामागे त्याची अनेक वर्षं होती. आजच्या सेटवर चिकटवलेल्या ॐ मागे बहुतेक वेळा काहीच नसतं. तो छापील टी-शर्टसारखा आहे.

याउलट चरणजित सिंग यांचं काम बघा. मुंबईतल्या चित्रपटसंगीतात वाजवणाऱ्या या वादकाने १९८२ मध्ये सिंथेसायझर आणि ड्रम मशीनवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवले. त्यातल्या टीबी-३०३ या यंत्रावर एका स्वरातून दुसऱ्यात घसरत जाता येतं, म्हणून मींडेच्या जवळचं काहीतरी त्यातून निघालं. रेकॉर्ड फारशी खपली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा जग चकित झालं. तिच्यात मोक्षाचा कुठलाही दावा नाही. ललत ललतसारखा वागतो, मालकंस मालकंससारखा. भारतीय संगीताचं ऋण असंही मानता येतं.

आत्म्याच्या भाषेने एक नुकसानही होतं. किनाऱ्यालगतच्या गावात रात्री झोपू पाहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला तुमचा अनुभव 'वैश्विक' आहे असं सांगून उपयोग नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावरच्या लाउडस्पीकरवर बंदी घातली, तरी गोव्यात तक्रारी चालूच आहेत. बेस भिंती ओलांडतो आणि घरातल्या माणसाला त्यातून उठून जाता येत नाही. ज्या विधीत शेजारी सामील नाही, त्याला मी विधी म्हणायला तयार नाही.

म्हणून माझं मत असं. हेडफोन लावून ट्रान्स ऐका, आवाज बेताचा ठेवा, तंद्रीचा आनंद घ्या. ती छोटी गोष्ट नाही. मित्रांबरोबर नाचा, त्याने खरंच बरं वाटतं. पण मन फार खचलेलं असेल, तर 'हीलिंग फ्रिक्वेन्सी' लिहिलेल्या सेटवर विसंबू नका, माणसाशी बोला. अंगात आलेल्या बाईला सावरायला चार जणी असतात. ऑटोप्ले फक्त पुढचा सेट लावतो.