चष्म्याचा रंग नव्हे, आकडा बघा

मंडळी, कोरीवकामाच्या लेझरसोबत फुकट येणाऱ्या हिरव्या चष्म्यावर आमचा आक्षेप एवढाच, की त्यावर बरेचदा आकडाच नसतो. रंग हा काही पुरावा नव्हे. निळा डायोड लेझर साधारण ४५० नॅनोमीटरचा. चष्म्यावर ती तरंगलांबी आणि तिच्यासाठीचा ओडी, म्हणजे प्रकाश किती अडतो ते, दोन्ही छापलेलं हवं. ओडी ४ म्हणजे १०,००० तला एकच भाग आत येतो. ५ वॉटमधला अर्धा मिलिवॉट उरतो. आणि ओडी २ असेल तर? ५० मिलिवॉट! तेवढ्यानं डोळ्याचा पडदा भाजतो. पैसे कमी आहेत? मग आम्ही म्हणतो, आधी यंत्र अपारदर्शक पेटीत बंद करा. चष्मा आकडा छापलेलाच घ्या; आणि तो घालूनही किरणाकडे थेट बघू नका.