बाखच्या सावलीतील ऑर्गनकार

'ऑर्गन' हा शब्द मराठी माणसाला परका नाही. संगीत नाटकांच्या वैभवकाळात ऑर्गनच्या भरदार सुरांशिवाय नाट्यगृह भरल्यासारखे वाटत नसे. बालगंधर्वांच्या गायनाला हरिभाऊ देशपांडे यांनी केलेली ऑर्गनची साथ जुन्या रसिकांनी मोठ्या आदराने वाखाणली आहे. आपल्या जुन्या चर्चमधील पायपेटीही त्याच कुळातली. परंतु ही सारी वाद्ये धातूच्या पट्ट्यांच्या कंपनावर वाजणारी, एकोणिसाव्या शतकातली. हार्मोनियमचे पेटंटच मुळी पॅरिसमध्ये 1842 साली घेतले गेले. सतराव्या शतकात ज्याला ऑर्गन म्हणत, ते वाद्य निराळे आहे, आणि या लेखाचा विषय ते वाद्य व त्यासाठी लिहिणारे काही उपेक्षित रचनाकार हा आहे.

नळ्यांचा ऑर्गन म्हणजे एका माणसाच्या हाती दिलेला वादकांचा ताफाच. भात्याने भरलेली हवा एका पेटीत साठते. सोंगटी दाबली की झडप उघडते आणि हवा नळीत शिरते. काही नळ्या बासरीसारख्या, काहींना सनईसारखी जिभली. कोणत्या नळ्यांनी बोलावे हे बाजूचे खटके ओढून ठरवायचे. स्वर सोंगटी सोडेपर्यंत तसाच राहतो. तो विझत नाही, वाढत नाही. दाब कमीजास्त करून भावना दाखवण्याची सोयच नाही. त्यामुळे ऑर्गनकाराला जे सांगायचे ते स्वरांच्या रचनेतूनच सांगावे लागते. मुंबईच्या सेंट थॉमस कथीड्रलमध्ये असा ऑर्गन आहे. संधी मिळाल्यास वाचकांनी तो मुद्दाम ऐकावा.

बरोक काळ, म्हणजे स्थूलमानाने 1600 ते 1750, आणि ऑर्गन म्हटले की योहान सेबास्टियन बाख हे समीकरण इतके पक्के झाले आहे की दुसऱ्या नावाला जागाच उरत नाही. सेमिनरीतील संगीताच्या तासालाही आम्ही बाख आणि हँडेल यांच्या पलीकडे फारसे गेलो नाही. बाखचे मोठेपण वादातीत आहे. पण तो स्वतः किती जणांच्या पायाशी बसला होता, हे त्याचे भक्त सोयीस्करपणे विसरतात. 1705 मध्ये, विशीत असताना, तो आर्नश्टाटहून ल्यूबेकला सुमारे 400 किलोमीटर पायी गेला, तो बुक्स्टेहूड या वृद्ध ऑर्गनवादकाला ऐकण्यासाठी. फ्रान्समधील राँस कथीड्रलचा ऑर्गनवादक निकोला द ग्रिन्यी 1703 साली अवघ्या एकतिसाव्या वर्षी वारला. त्याचा एकुलता ऑर्गनग्रंथ बाखने नकलून घेतला होता. आणि 1714 मध्ये लुथरपंथी बाखने ज्या पुस्तकाची प्रत मिळवून जपली, ते चक्क कॅथॉलिक मिस्सासाठी लिहिलेले होते: जिरोलामो फ्रेस्कोबाल्दीचे 'फिओरी म्युझिकाली'.

फ्रेस्कोबाल्दी 1608 पासून रोमच्या सेंट पीटर बॅसिलिकेचा ऑर्गनवादक होता. 1635 सालच्या या पुस्तकात रविवारची, प्रेषितांची आणि पवित्र मरियेची अशा तीन मिस्सांसाठी रचना आहेत. ऑर्गनचे सर्वोत्तम पुस्तक कोणते असे मला कोणी विचारले, तर बाखचा मान राखून मी याच पुस्तकाकडे बोट दाखवीन. याचे कारण त्यातील विनय. दोन-तीन मिनिटांच्या रचना. कोठेही श्रोत्यांना दिपवण्याचा खटाटोप नाही. पवित्र भाकर उंचावण्याच्या क्षणासाठी लिहिलेले तुकडे तर एकाग्रतेने ऐकावेत असे आहेत. संथ लयीत एक स्वर दुसऱ्याला टोचतो, ती टोचणी थोडा वेळ तशीच राहते, मग सुटते. सुटते न सुटते तोच दुसरी येते. ख्रिस्ताच्या यातना आणि वेदीवरील त्याचे सान्निध्य यांचे नाते समजावणारी प्रवचने मी पुष्कळ दिली आहेत. त्यांतल्या एकानेही ते नाते या तुकड्यांइतके थेट पोहोचवले असेल, असे वाटत नाही.

याच पुस्तकातील मरियेच्या मिस्सात एक नवल आहे. एका रचनेत वाजवायचे भाग चार, पण पाचवा भाग वादकाने वाजवायचा नाही, स्वतः गायचा. आणि तो नेमका कोठे बसतो हे फ्रेस्कोबाल्दीने लिहून ठेवलेले नाही! ज्याचे त्याने शोधावे. हे कोडे आहे हे खरे. पण हात वाजवीत असताना कंठाने प्रार्थना करायला लावणारे कोडे आहे.

अशा छोट्या तुकड्यांचे प्रयोजन त्या काळच्या रीतीत होते. स्तोत्राची एक ओळ गायनवृंदाने गायची, पुढची ऑर्गनने एकट्याने बोलायची. कीर्तनात बुवांचा अभंग आणि टाळकऱ्यांचे झील धरणे यांची सवय असलेल्या आपल्या कानांना ही आलटापालट समजायला वेळ लागत नाही. फ्रान्स्वा कूपरँने 1690 मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, याच रीतीने दोन ऑर्गन-मिस्सा रचल्या. एक मठांसाठी, दुसरी धर्मग्रामांसाठी. धर्मग्रामांची मिस्सा जास्त भारदस्त आहे, ही गोष्ट धर्मग्रामात राबणाऱ्या माझ्यासारख्याला सुखावते.

परंतु आपल्या भूमीला खरा जवळचा प्रवाह पोर्तुगाल-स्पेनचा. धाटावच्या कारखान्यांजवळून वाहणारी कुंडलिका जेथे समुद्राला मिळते, त्या रेवदंड्याच्या कोटात फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, ऑगस्टिनियन आणि येशुसंघीय यांचे मठ एकेकाळी नांदत होते. 1740 मध्ये चौल पोर्तुगीजांच्या हातून गेले. आज तेथे पडक्या भिंती आणि मनोरे उरले आहेत. त्या मठांच्या भरभराटीच्या दिवसांत, 1616 साली, फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी 'ख्रिस्तपुराण' प्रसिद्ध झाले. चारच वर्षांनी, 1620 मध्ये, लिस्बनमध्ये 'फ्लोरिश द मुझिका' हे पुस्तक छापले गेले. त्याचा कर्ता मनुएल रोद्रिगिश कोएल्यु हाही एक धर्मगुरू, राजाच्या चॅपलमधला ऑर्गनवादक. पोर्तुगालमध्ये छापलेले वाद्यसंगीताचे हे पहिले पुस्तक. स्टीफन्स यांची ओवी आज विद्यापीठांत अभ्यासली जाते. कोएल्युचे नाव मात्र आपल्यापैकी किती जणांनी ऐकले असेल?

त्याच्या पुस्तकातील 'तेंतु' नावाच्या 24 रचना हा त्याचा गाभा. 'तेंतु' म्हणजे चाचपणे. वादक एक लहानसा स्वरविचार घेतो, तो सावकाश निरनिराळ्या उंचींवर मांडून पाहतो आणि पुढे त्याभोवती द्रुत स्वरांची नक्षी विणतो. आलाप ऐकलेल्या श्रोत्याला ही वाढीची कल्पना लगेच उमगते. भेद इतकाच की येथे एकाच वेळी चार जण आलापी करीत असतात. कोएल्यु कधी कधी लांबण लावतो, हेही कबूल केले पाहिजे. तो मधूनच थांबला असता तर बरे झाले असते, असे दोन-तीन ठिकाणी वाटून जाते.

या मुलखातील ऑर्गनची एक युक्ती सांगण्यासारखी आहे. एकाच स्वरपट्टीचे मधोमध दोन भाग करून डाव्या हाताचे खटके वेगळे, उजव्या हाताचे वेगळे ठेवीत. त्यामुळे डावीकडे मऊ बासऱ्या आणि उजवीकडे कर्णा, असा संवाद एकाच लहान वाद्यावर रंगे. पायांनी वाजवायच्या पट्ट्या बहुधा नसत किंवा थोड्याच असत. सेव्हिलचा फ्रान्सिस्को कोर्रेआ दे आराउशो याने 1626 मध्ये अशा वाद्यासाठी 69 रचनांचा ग्रंथ काढला आणि विद्यार्थ्यांच्या सोयीसाठी त्या अवघडपणानुसार पाच पायऱ्यांत लावल्या. तोही धर्मगुरूच, 1654 मध्ये दारिद्र्यात वारला. याउलट त्या काळी लोकप्रिय असलेल्या 'बाताल्या', म्हणजे तुताऱ्यांचा आणि तोफांचा आभास करणाऱ्या युद्धरचना, मला कंटाळवाण्या वाटतात. एक ऐकली की सगळ्या ऐकल्या. कार्लुश सैशश (1704 ते 1742) याच्या बाबतीत न्याय करणेच अवघड, कारण त्याचे बहुतेक लेखन 1755 च्या लिस्बनच्या भूकंपात गेले. जे शंभरावर सोनाटे वाचले, त्यांतील ऑर्गनसाठीचे मोजकेच आहेत.

हे संगीत समुद्रापलीकडेच राहिले असे नाही. 1660 नंतरच्या दशकात गोव्यातील बॉम जीझस बॅसिलिकेत संत इग्नेशियस यांच्या सणाला एका इटालियन कार्मेलाइट मिशनऱ्याने सात गायनवृंदांचे गायन ऐकले आणि आपण रोममध्येच आहोत की काय असे त्याला वाटले. ऑर्गन, व्हायोलिन आणि स्वरलिपी शिकवणाऱ्या गोव्यातील धर्मग्रामशाळांची परंपरा पुढे शतकानुशतके चालली. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदाला आकार देणारे अँथनी गोन्साल्विस (1927 ते 2012) हे माजोर्डा येथील चर्चच्या गायनवृंदप्रमुखाचे चिरंजीव. म्हणजे बरोकचे पाणी झिरपत झिरपत आपल्या रेडिओपर्यंत आले होते, आपल्याला पत्ता नव्हता इतकेच.

आता शेवटचे नाव. माझ्या मनात ते पहिले आहे. दोमेनिको झिपोली 1688 मध्ये इटलीतील प्रातो येथे जन्मला. तिशीच्या आत तो रोममधील जेझू या येशुसंघाच्या प्रमुख चर्चचा ऑर्गनवादक झाला. 1716 मध्ये त्याचे ऑर्गन व हार्पसिकॉर्डच्या रचनांचे पुस्तक निघाले आणि नाव होऊ लागले, त्याच वर्षी तो येशुसंघात दाखल झाला. 1717 मध्ये तो दक्षिण अमेरिकेला निघून गेला. कोर्दोबा येथे त्याने धर्मशास्त्राचा अभ्यास पुरा केला. पण दीक्षा देण्यास बिशप उपलब्ध नव्हते, आणि वाट पाहता पाहता 1726 मध्ये तो क्षयाने गेला. युरोपने त्याला विसरून टाकले. रोमचा वादक झिपोली आणि कोर्दोबाचा हा ब्रदर एकच, हे 1941 मध्ये उलगडले. पुढे 1970 नंतर बोलिव्हियातील चिकितोस भागातील जुन्या मिशन चर्चांत हस्तलिखित संगीताची हजारो पाने सापडली. त्यांत त्याच्या रचना होत्या, तेथील आदिवासी वादकांनी पिढ्यान्‌पिढ्या नकलून जपलेल्या.

या साऱ्याचा आपल्याशी संबंध काय? आपल्या बहुतेक चर्चमध्ये आता विजेवर चालणारा कीबोर्ड आहे. त्याचे बटण दाबले की ठेका आपोआप सुरू होतो आणि दिव्यप्रसादाच्या गीतालाही लग्नाच्या वरातीची चाल येते. दोष वाजवणाऱ्या मुलांचा नाही. दुसरे काही त्यांच्या कानांवर पडलेलेच नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या 1963 च्या उपासनाविषयक दस्तऐवजात नळ्यांच्या ऑर्गनला मोठा मान दिला आहे, तसाच त्या त्या लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेलाही. या दोन वाक्यांत विरोध शोधणारे मित्र मला भेटतात. मराठी भजन असताना हा परदेशी पाहुणा कशाला, असे ते विचारतात. भजन हवेच, ढोलकी-टाळही हवेत. पण भजन संपल्यानंतरच्या, दान अर्पण होत असतानाच्या किंवा दिव्यप्रसादानंतरच्या मौनात वाजवायला आपल्याकडे सध्या फक्त तो आपोआप ठेका आहे.

त्या जागी झिपोली बसतो. त्याला भव्य ऑर्गन लागत नाही, पायपट्ट्याही जवळजवळ लागत नाहीत. पियानोच्या दोन-तीन परीक्षा दिलेली मुलगी, कीबोर्डवर ऑर्गनचा साधा आवाज लावून, त्याचे लहान 'व्हर्सो' महिनाभराच्या सरावाने वाजवू शकेल. स्वरलिपी इंटरनेटवर विनामूल्य मिळते. फ मेजरमधील 'उन्नयना'च्या रचनेपासून आरंभ करावा. डाव्या हाताला संथ स्वरसंगती, उजव्या हाताला अलंकारांनी हलकेच सजलेली एकच रेघ. नाताळसाठी त्याचे 'पास्तोराले' घ्यावे. त्यात खालचा सूर तंबोऱ्यासारखा धरून ठेवलेला असतो आणि वर मेंढपाळांची पुंगी वाजते. मधला भाग लगबगीचा आहे, तेथे मुले घाई करतात. त्यांना तेथे थोडे थोपवून धरावे लागेल.