वाँटेजचीं पत्रें

पंडिता रमाबाईंचें नांव आपल्या सुशिक्षित घरांतून ज्या रीतीनें घेतलें जातें, तिचे दोनच प्रकार आमच्या पाहण्यांत आहेत. एक पक्ष त्यांस संस्कृतज्ञ विदुषी व विधवांच्या कैवारी म्हणून डोक्यावर घेतो, आणि धर्मांतराच्या गोष्टीपाशीं येतांच आवाज खालीं आणतो. दुसरा पक्ष तेवढी एकच गोष्ट धरून बसतो व बाकीचें सारें आयुष्य तिच्याखालीं पुरून टाकतो. दोघांचीहि समजूत मात्र एकच. ती अशी कीं, २९ सप्टेंबर १८८३ रोजीं इंग्लंडांतील वाँटेज गांवच्या चर्चमध्यें रमाबाईंच्या मस्तकावर पाणी पडलें आणि प्रकरण तेथेंच मिटलें. ही समजूत किती पोकळ आहे हें ज्यांस पाहावयाचें असेल, त्यांनीं सिस्टर जेराल्डीन यांनीं जमविलेला व प्रा. अ. भि. शहा यांनीं संपादिलेला रमाबाईंचा इंग्रजी पत्रव्यवहार वाचावा. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृति मंडळानें तो १९७७ सालीं प्रसिद्ध केला. इतकीं वर्षें लोटूनहि सामान्य मराठी वाचकानें त्याची घ्यावी तशी दखल घेतलेली नाहीं, असें आमचें मत आहे.

मिशन म्हटलें कीं तें आपल्याकडे चालत येतें, अशीच आमची लहानपणापासूनची कल्पना होती. वाशीम-पुसद रस्त्यावरील आमच्या अनसिंग गांवीं ‘मिशन’ या शब्दाचा अर्थ वाशीमचा मिशनचा दवाखाना एवढाच असे. परंतु परमुलुखांत आलेल्या माणसास गांठून त्यास धर्म सांगणें हाहि मिशनचा एक जुना उद्योग आहे, आणि त्याचें मोठें केंद्र लंडन हेंच होतें. मुंबई-कलकत्त्याहून बोटींवर गेलेले खलाशी तेथील गोदींच्या आसपास थंडींत कुडकुडत पडत. त्यांत रत्नागिरीकडील कोकणी मुसलमानहि असत. त्यांच्याकरितां लाइमहाउस भागांत १८५७ सालीं ‘परकीयांचें घर’ उघडलें. लंडन सिटी मिशनचा जोसेफ साल्टर हा गृहस्थ हिंदुस्थानी शिकून त्यांच्यांत हिंडे. १८७३ सालीं त्यानें या अनुभवांवर एक पुस्तकहि लिहिलें. साहेबांचीं मुलें सांभाळीत विलायतेस गेलेल्या व तेथें सोडून दिलेल्या आयांसाठींहि लंडनमध्यें एक घर होतें. १९०० च्या सुमारास तेंहि याच मिशनच्या हातीं गेलें. या उद्योगांत भूतदया नव्हती असें म्हणणें कृतघ्नपणाचें होईल. उपाश्यास अन्न व बेघरास छप्पर मिळालें हें खरेंच आहे. पण साल्टरसाहेबांच्या पुस्तकांत खलाशी बोलतो तो साहेबांच्या तोंडून. ताटावर बसवून ऐकविलेल्या उपदेशाविषयीं त्यास स्वतःस काय वाटलें, तें कागदावर उतरलेलें नाहीं.

रमाबाईंचीं पत्रें ही उणीव भरून काढतात, आणि आमच्या मतें हेंच या संग्रहाचें खरें मोल आहे. ज्यास उपदेश करावयाचा तोच येथें उलट बोलतो. आणि बोलतो तोहि न्यायशास्त्र्याच्या घरांतील लेकीसारखा, एकेक पद सोडवून. १८८३ सालीं रमाबाई विलायतेस गेल्या त्या विधवा होत्या, कडेवर दोन वर्षांची मनोरमा होती, आणि ‘स्त्रीधर्मनीति’ या पुस्तकाच्या विक्रीचा पैसा प्रवासास लागला होता. वाँटेजच्या भगिनींनीं त्यांस इंग्रजी शिकवावें व त्यांनीं हिंदुस्थानांत जाणाऱ्या भगिनींस मराठी शिकवावें, असा करार होता. वैद्यक शिकण्याचा बेत बहिरेपणामुळें फसला. पुढें १८८४ मध्यें त्या चेल्टनहॅमच्या स्त्री-विद्यालयांत गेल्या. तेथें त्या शिकत आणि संस्कृत शिकवीतहि.

आतां भांडण कशाकशावरून झालें तें पाहावें. क्रूसावरील अक्षरें लॅटिन असावींत, असें आश्रमाचें म्हणणें. रमाबाई विचारतात कीं, आमच्या संस्कृतापेक्षां लॅटिन अधिक पवित्र कशानें? माझ्या देशांतील बाईस त्यांतलें काय कळणार? मांसमत्स्य त्यांनीं शिवलें नाहीं. ख्रिस्ती झाल्यावरहि हा ब्राह्मणी अभिमान कशास, असें भगिनींस वाटे. पुरुषांस शिकवावें कीं नाहीं, हा प्रश्न तर मुंबई व लाहोरच्या बिशपांपर्यंत गेला. बाईनें पुरुषांस शिकविल्यास हिंदुस्थानांत तिचें वजन राहणार नाहीं, असा त्यांचा अभिप्राय पडला. कलकत्त्याच्या पंडितांनीं १८७८ सालीं जिला भर सभेंत ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ म्हटलें, तिला हिंदुस्थानची रीत या धर्माधिकाऱ्यांनीं शिकवावी, हा विनोद रमाबाईंच्याहि नजरेंतून सुटलेला नाहीं. मात्र त्या हंसत नाहींत, संतापतात. आणि या सर्वांच्या मुळाशीं त्रैक्याचा, चर्चच्या आज्ञेचा व स्वतःच्या सदसद्विवेकाचा वाद आहे. मोठ्या कष्टानें एका पुरोहितवर्गाच्या जुंवाखालून मान काढली ती दुसऱ्याच्या जुंवाखालीं घालण्यासाठीं नव्हे, असा त्यांच्या साऱ्या युक्तिवादाचा आशय आहे.

हें वाचून जेराल्डीनबाईंस खलनायिका ठरविण्याचा मोह होतो. आम्ही तो आवरला, आणि वाचकांनींहि आवरावा. ही स्त्री कठोर असेल, वारंवार अहंकाराचा आरोप करीत असेल. परंतु आपल्याच विरुद्ध जाणारीं हीं पत्रें तिनें जपून ठेविलीं, संगतवार लाविलीं व पुढच्या पिढीच्या हातीं दिलीं. रमाबाई तिला ‘आजीबाई’ म्हणून संबोधितात. जिच्याशीं धर्मतत्त्वावरून इतकी झुंज चालली आहे, तिलाच इंग्रजी मजकुरांत हा मराठी घरांतला शब्द! तो लाडाचा आहे, ऋणाचा आहे, आणि कधीं कधीं आम्हांस वाटतें कीं ढालीसारखाहि आहे. आजीशीं भांडतां येतें, गुरूशीं येत नाहीं. विद्यालयाच्या मुख्याध्यापिका मिस बील यांचीं पत्रें त्या मानानें मोकळ्या मनाचीं आहेत. या मुलीस विचार करूं द्यावा, ढकलूं नये, हें त्यांस कळलें होतें.

गेल्या उन्हाळ्यांत अनसिंगास घरीं असतांना आम्ही हें पुस्तक पुन्हां चाळीत होतों. आमच्या आत्याबाई शेजारीं धान्य निवडीत होत्या. त्यांस आम्हीं थोडक्यांत कथा सांगितली: बाई इकडे शिकत, भगिनी तिकडे, वाद असा, तत्त्व असें. त्यांनीं सारें ऐकून घेतलें आणि विचारलें, “मंग पोरगी कोनापाशी राह्यली, बापू?” प्राध्यापकी करून आमचे केंस पिकले, पण हा प्रश्न आम्हांस आधीं सुचला नव्हता, हें कबूल करावयास आम्हांस लाज वाटत नाहीं. पोर वाँटेजला, भगिनींपाशीं होती. आई चेल्टनहॅमला. प्रार्थना कोणती म्हणवावी, न कळणारें तत्त्व लहान जिवाच्या तोंडीं घालावें काय, हा तंटा या पत्रांत पुनःपुन्हां येतो. तत्त्वचर्चा वाटते ती येथें एकाएकीं ताबा कोणाचा यावर येऊन ठेपते. आश्रयदाता धर्म देऊं करतो तेव्हां नाहीं म्हणण्याची किंमत काय असते, तें रमाबाई स्वतःपुरतें तर्कानें निभावतात. मुलीच्या बाबतींत त्यांची लेखणी थरथरते.

आणि ज्यांस तर्काचें बळ नव्हतें त्यांचें काय? रमाबाईंबरोबर आनंदीबाई भगत ही मैत्रीण गेली होती. रमाबाईंच्या बाप्तिस्म्यापूर्वींच तिनें वाँटेज येथें आत्महत्या केली. आपल्यावर धर्मांतराची सक्ती होणार या भयानें तिचें चित्त बिघडलें होतें, असें मॅक्स म्युल्लर यांच्या आठवणींवरून दिसतें. तशी सक्ती कोणी करीत होतें याला पुरावा नाहीं. पण परक्या देशांत, परक्या अन्नावर राहणाऱ्या माणसाच्या मनाला पुरावा लागत नाहीं. या बाईची बाजू सांगणारें कोणी उरलें नाहीं, आणि त्यामुळें हा संग्रह कितीहि मोठा असला तरी वाद घालूं शकणाऱ्या एकीचाच आहे, हें विसरतां कामा नये.

हा प्रश्न जुना झाला असें कोणी म्हणूं नये. २०१५ नंतर जर्मनींत आश्रयास आलेल्या इराणी व अफगाण लोकांपैकीं कित्येकांनीं बाप्तिस्मा घेतला, आणि तो श्रद्धेनें घेतला कीं आश्रयाच्या परवान्यासाठीं, याची चौकशी सरकारी अधिकारी व न्यायाधीश करूं लागले. रमाबाईंस निदान अशी परीक्षा द्यावी लागली नाहीं. त्यांस उलट बोलण्यास कागद, शाई व मिस बीलसारखी वाचक मिळाली होती.

संपादनाविषयीं दोन शब्द. प्रा. शहा हे धर्मनिरपेक्षतेचे कट्टर पुरस्कर्ते. त्यांच्यासारख्यानें एका जोगिणीचें संकलन छापावें यांत त्यांचा मोठेपणा दिसतो. पण पत्रांची निवड व मांडणी मुळांत एका पक्षाची आहे, आणि रमाबाई येथें उसन्या भाषेंत भांडतात. त्याच १८८३ सालीं त्यांनीं ‘इंग्लंडचा प्रवास’ हें मराठी प्रवासपत्र लिहिलें आहे. त्यांतली बाई मोकळी व चौकस आहे. इंग्रजी पत्रांतली सावध, आणि दुखावली गेली म्हणजे फारच नेमकें बोलणारी. दोन्ही शेजारीं ठेवून वाचल्यावांचून पुरती रमाबाई हातीं लागत नाहीं. मंडळानें पुढील आवृत्ति काढल्यास हें प्रवासपत्र आरंभीं जोडावें, इंग्रजी पत्रांचें सटीप मराठी भाषांतर द्यावें, आणि मनोरमेच्या संगोपनाविषयींचीं पत्रें कालक्रमानें एकत्र लावावींत. आमच्या आत्याबाईंस तीं वाचून दाखवितां येतील.