‘सौंदरनंद’ आणि ब्रह्मचर्याचा अर्थ

‘ब्रह्मचर्य’ ह्या शब्दाचा अर्थ आज आपण फार आकुंचित केला आहे. ब्रह्मासाठीं, म्हणजे वेदाध्ययनासाठीं, आचरिलेलें जीवन हा त्याचा पहिला अर्थ. स्त्रीसंगत्याग हें त्या जीवनाचें एक अंग. म्हणूनच निषिद्ध रात्रीं वर्ज्य करणाऱ्या गृहस्थासही मनूनें ब्रह्मचारी मानलें आहे. ह्यांत अंग कोणतें व प्रयोजन कोणतें, ह्या प्रश्नाचा धीट विचार काव्यांत पाहावयाचा असेल, तर अश्वघोषाच्या ‘सौंदरनंदा’कडे वळावें. हरप्रसाद शास्त्री ह्यांनीं नेपाळांतील हस्तलिखितांवरून इ. स. १९१० मध्यें प्रसिद्ध केलेलें हें १८ सर्गांचें महाकाव्य ‘बुद्धचरिता’च्या छायेंत झांकून गेलें आहे.

बुद्धाचा सावत्र भाऊ नंद हा पत्नी सुंदरीच्या सहवासांत दंग असतो. दाराशीं आलेला आपला अग्रज भिक्षेवांचून परतला, हें कळतांच तो क्षमा मागावयास निघतो. मुखावर रेखिलेलें विशेषक वाळण्यापूर्वीं परत या, असें सुंदरी त्यास बजावते. परंतु बुद्ध त्याच्या हातीं भिक्षापात्र देतो, त्याला विहारांत नेतो, आणि रडत असतांच नंदाचें मुंडन होतें. मस्तक मुंडिलें, मन मात्र घरींच राहिलें. पुढें बुद्ध त्याला स्वर्गांतील अप्सरा दाखवितो व त्यांच्या लोभानें नंद कडक व्रत पाळूं लागतो. तेव्हां आनंद त्याला स्पष्ट सुनावतो कीं, तुझें ब्रह्मचर्य अब्रह्मचर्यासाठींच आहे. टक्कर देण्यासाठीं मेंढा मागें सरावा, तसा हा तुझा संयम.

हा प्रसंग काव्याचा गाभा होय. देहाचा निग्रह पूर्ण असूनही ब्रह्मचर्य शून्य असूं शकतें, हें संन्यासाच्या एखाद्या विरोधकानें नव्हे, तर स्वतः बौद्ध कवीनें दाखवावें, ह्यांत त्याचा प्रामाणिकपणा दिसतो.

मात्र हाच प्रामाणिकपणा सुंदरीच्या बाबतींत अपुरा पडतो. सहावा सर्ग कवीनें तिच्या विलापास दिला आहे व तो हृदयद्रावक आहे. पण नंतर ती जवळजवळ नाहींशीच होते. नंद अर्हत् झाल्यावर, तीही आतां स्त्रियांस वैराग्य सांगेल, असें बुद्ध म्हणतो. ती स्वतः कांहींच बोलत नाहीं. एकानें घेतलेल्या व्रताचें ओझें दुसऱ्यानें किती वाहावें, हा प्रश्न कवि उभा करतो आणि तसाच सोडतो.

धर्मशास्त्रांस हा प्रश्न सुचला होता. अविवाहित स्थितीची थोरवी गाणारा पौलही करिंथकरांस लिहितांना सांगतो कीं, पतिपत्नींनीं परस्परांच्या संमतीनेंच, तेंही कांहीं काळापुरतें, दूर राहावें. सदा उपवास व जागरण करूं पाहणाऱ्या अनुयायास पैगंबरांनीं पत्नीच्या हक्काची आठवण दिल्याचें हदीसांत आहे. जैनांनीं साधूस पूर्ण त्याग व श्रावकास स्वदारसंतोष अशा दोन पायऱ्या केल्या. खुद्द बौद्ध ‘महावग्गां’तही राहुलाच्या प्रव्रज्येनें व्याकुळ झालेला शुद्धोदन नंदाच्या जाण्याचें दुःख बोलून दाखवितो आणि मातापित्यांच्या अनुज्ञेवांचून पुत्रास प्रव्रज्या देऊं नये, असा नियम होतो. त्या नियमांत पत्नीचें नांव नाहीं.

मराठी वाचकास येथें आळंदीचे विठ्ठलपंत आठवतील. मागें पत्नी आहे हें कळतांच गुरूनें त्यांस गृहस्थाश्रमांत परत धाडिलें, अशी परंपरा आहे. ती आज्ञा पाळल्याबद्दल समाजानें त्यांस केवढें प्रायश्चित्त दिलें, हें आपण जाणतोंच. रुक्मिणीचा हक्क गुरूस दिसला. ग्रामस्थांस दिसला नाहीं.

औषध मधांत कालवावें त्याप्रमाणें आपण उपदेश काव्यांत मिसळला आहे, असें अश्वघोष शेवटीं सांगतो. औषध गुणकारी आहे ह्यांत शंका नाहीं. परंतु वैद्यानें घरांतील एकाच माणसाची नाडी पाहिली. दुसऱ्याची पाहावयाची राहून गेली, हें वाचकानें विसरूं नये.