‘वाईट पोर्ट’ : एका निषेधसूचीचे परीक्षण

वेब-ब्राउझरने दूरच्या सर्व्हरकडून सामग्री कशी मागवावी याचे नियम सांगणारे ‘फेच’ नावाचे एक मानक आहे. त्यात एक लहानसा तक्ता असून सुमारे ८० क्रमांकांना ‘वाईट पोर्ट’ अशी संज्ञा दिली आहे. एकाच संगणकावर चालणाऱ्या अनेक सेवा परस्परांपासून ओळखता याव्यात म्हणून त्यांना जे ० ते ६५५३५ पर्यंतचे क्रमांक देतात, ते पोर्ट होत. वेबचे नित्याचे पोर्ट ८० व ४४३. परंतु पत्त्यात दुसरा एखादा पोर्ट नमूद करण्याची मुभा वेबच्या आरंभापासून आहे. नमूद केलेला क्रमांक त्या तक्त्यातील असला, तर मात्र ब्राउझर जोडणीचा प्रयत्नदेखील करीत नाही. क्रोम तो पोर्ट असुरक्षित ठरवितो, फायरफॉक्स पत्ता प्रतिबंधित असल्याचे कळवितो. पलीकडे कोण आहे याची चौकशी दोघेही करीत नाहीत.

या निषेधाचे मूळ २००१ सालचे आहे. योखेन टोफ यांनी त्या वर्षी असे दाखवून दिले की, वेबपानावरील साधा फॉर्म वापरून ब्राउझरकडून भलत्याच सेवेशी बोलणे करविता येते. एखाद्या संस्थेचा टपाल-सर्व्हर संरक्षक भिंतीच्या आत आहे. बाहेरच्या मनुष्यास तेथे प्रवेश नाही. परंतु संस्थेतील कर्मचारी बाहेरचे एखादे पान उघडतो, आणि त्या पानावरील फॉर्म त्याच्याच ब्राउझरमार्फत टपाल-सर्व्हरच्या २५ क्रमांकाच्या पोर्टकडे धाडला जातो. ब्राउझर प्रथम वेबच्या रीतीप्रमाणे आपल्या शीर्ष-ओळी पाठवितो. टपाल-सर्व्हरला त्यांतील एकही ओळ समजत नाही. प्रत्येक ओळीस तो ‘आज्ञा अपरिचित’ असे उत्तर देतो आणि पुढच्या ओळीची वाट पाहतो. फॉर्मच्या मजकुरात लपविलेल्या टपालाच्या आज्ञा मग येतात, त्या मात्र त्याला उत्तम समजतात. आणि संस्थेच्या आतूनच खोटे पत्र निघते. मोझिलाने आपल्या ब्राउझरात पोर्ट-निषेध घातला तो याच हल्ल्यावर उतारा म्हणून.

येथे दोष नेमका कोणाचा, हा प्रश्न विचारल्यावाचून सूचीचे मूल्यमापन होऊ शकत नाही. पोर्ट हा केवळ अंक आहे. त्याच्या ठायी चांगुलपणा अथवा वाईटपणा संभवत नाही. वाईट असलीच तर ती त्या अंकावर ऐकत बसलेल्या प्रोग्रॅमची अतिरिक्त सहनशीलता. जॉन पोस्टेल यांनी १९८० साली इंटरनेटच्या नियमांत असे तत्त्व घातले की, पाठविताना काटेकोर असावे आणि स्वीकारताना उदार असावे. टपाल-वहनाचे १९८२ सालचे नियमही त्यांच्याच हातचे. परस्परांवर विश्वास असलेल्या थोड्या संस्थांच्या जाळ्यात हे औदार्य गुणच होता. ओळीमागून ओळ निरर्थक येत असतानाही जो संभाषण तोडीत नाही, त्याचे औदार्य पुढे परक्याच्या कामी आले, इतकेच. तेव्हा ‘वाईट पोर्ट’ ही संज्ञा शास्त्रीय दृष्ट्या सदोष आहे. दुसऱ्याचा दोष ती अंकाच्या माथी मारते, आणि त्यामुळे तो दोष दुरुस्त करण्याची जबाबदारीही दृष्टीआड होते.

ही दुरुस्ती अशक्य होती असेही नाही. पोस्टफिक्स हा टपाल-प्रोग्रॅम वेबची परिचित आज्ञा दिसताच जोडणी तोडतो. रेडिस या विदागाराचा ६३७९ हा पोर्ट निषेधसूचीत नाही. तरीही त्याच्या कर्त्यांनी २०१७ साली प्रोग्रॅममध्येच अशी सोय केली की, वेबच्या शीर्ष-ओळी ओळखू आल्या की हल्ल्याची नोंद करून संभाषण संपवावे. हा उपाय मुळाशी जातो. सेवा उद्या दुसऱ्या पोर्टवर हलविली तरी तो तिच्याबरोबर जातो. सूची मात्र जुन्या अंकावरच पहारा देत राहते. सूचीच्या बाजूने एवढे मात्र मान्य केले पाहिजे की, जगातील सारे टपाल-सर्व्हर दुरुस्त होण्याची वाट पाहणे शक्य नव्हते, आणि ब्राउझरची नवी आवृत्ती काही आठवड्यांत कोट्यवधी लोकांपर्यंत पोहोचते. तातडीचा बंदोबस्त म्हणून ती समर्थनीयच होती.

परंतु तातडीचा बंदोबस्त कायम झाला, आणि २०२० नंतर त्याचे प्रयोजनच पालटले. त्या वर्षीच्या ऑक्टोबरअखेर सॅमी कामकार यांनी जो हल्ला प्रसिद्ध केला, त्यात फसतो तो सर्व्हर नव्हे, तर घरातील राउटर. इंटरनेटवरील दूरध्वनी सुरळीत चालावा म्हणून कित्येक राउटर आतून बाहेर जाणारा मजकूर वाचतात व त्यात दूरध्वनीची नोंदणी दिसली की बाहेरून आत येण्याची वाट उघडतात. फॉर्मचा मजकूर मोजूनमापून लांबविला, तर त्याचा एक तुकडा नेमका अशा नोंदणीसारखा दिसतो. म्हणून ५०६० व ५०६१ हे पोर्ट सूचीत आले. जानेवारी २०२१ मध्ये याच हल्ल्याचा दुसरा प्रकार पुढे आला. त्यात घरातील अन्य कोणत्याही यंत्राची वाट उघडता येत असे. त्यासरशी १७१९, १७२० इत्यादी आणखी क्रमांक सूचीत दाखल झाले. चूक राउटरची, आणि प्रायश्चित्त पुन्हा ब्राउझरकडे!

या प्रायश्चित्ताचा भार प्रत्यक्षात कोणावर पडतो हे पाहण्यासारखे आहे. १००८० हा क्रमांक ८० शी साम्य असल्यामुळे अनेकांनी वेबसाठीच निवडला होता. २०२१ साली तो निषिद्ध झाल्यावर त्यांची चालती स्थळे ब्राउझरला अगम्य झाली. ५५४ ची हकीकत अधिक बोलकी आहे. क्रोमने तो प्रथम निषिद्ध केला, मोठ्या कार्यालयांच्या तक्रारी येताच निषेध उठविला, आणि २०२१ मध्येच वापराची पाहणी करून पुन्हा लागू केला. पुढे कार्यालयांतील व्यवस्थापकांना काही पोर्ट मोकळे करण्याची तरतूदही मिळाली. एकट्यादुकट्या मनुष्याच्या वाट्याला मात्र नकाराची कोरी ओळच येते. आणखी एक विसंगती अशी की, नोड या सर्व्हरवर चालणाऱ्या व्यवस्थेनेही हीच सूची उचलली आहे. तेथे कोणी परके पान उघडीत नाही, सबब परक्या फॉर्मचे भयही नाही. तरी नकार तोच.

तक्त्याची मांडणीही या गोंधळास साहाय्य करते. त्यात प्रतिध्वनीची ७ क्रमांकाची सेवा आहे आणि दररोज एक सुभाषित देणारी १७ क्रमांकाची सेवाही आहे. जवळजवळ विस्मृतीत गेलेल्या या सेवा २५ आणि ५०६० यांच्याच पंक्तीस बसविल्या आहेत. प्रत्येक अंकापुढे त्या सेवेचे प्रचलित नाव तेवढे दिलेले आहे. निषेध कोणत्या वर्षी झाला, कोणत्या हल्ल्यामुळे झाला, आणि राखण सर्व्हरची आहे की राउटरची, यांपैकी कोणताच रकाना नाही. १००८० पुढे ‘अमांडा’ असे लिहिले आहे. विदेच्या सुरक्षित प्रती ठेवणाऱ्या त्या प्रोग्रॅमचे नावही ज्याने ऐकलेले नाही, त्याला आपले स्थळ का बंद पडले याचे उत्तर तेथे शोधावे लागते.