आजाराचं काम कोण करतं? : कॉर्बिन आणि स्ट्रॉस वाचताना

हातकणंगले तालुक्यातल्या ख्रिस्ती मंडळ्या आणि जुनाट आजार, असा विषय घ्यायचा विचार करताय? घ्या. पण सिनॉप्सिस लिहिण्याआधी ज्युलिएट कॉर्बिन आणि अँसेल्म स्ट्रॉस यांचा 1985 चा शोधनिबंध वाचा.

त्यांच्या मते जुनाट आजार म्हणजे काम. एक आजाराचं काम : गोळ्या, पथ्य, तपासण्या. दुसरं रोजचं घर चालवण्याचं. तिसरं, विस्कटलेल्या आयुष्याची घडी मनात पुन्हा बसवण्याचं. वेळ आणि ताकद मात्र तिघांत मिळून एकच. ही मांडणी मला आवडते, कारण 'आधार' हा गुळगुळीत शब्द तिच्यामुळे तपासता येतो. डायलिसिसवरचा माणूस घ्या. आठवड्याला दोन-तीन खेपा, दर वेळी चारेक तास मशीनवर. सोबत कोण जातं? मजुरी कुणाची बुडते?

निबंधाची उणीव अशी की तो नवरा-बायकोभोवतीच फिरतो. आपल्याकडे हे काम बरेचदा सुनेच्या अंगावर पडतं. ती म्हणते, "घरचंच आहे, त्यात काय सांगायचं?" आणि आपण पेन खाली ठेवतो. चूक तिथेच होते. मंडळी तर त्या निबंधाच्या चौकटीत जवळपास नाहीच.

आपल्या भागात आणखी एक अडचण आहे. हातकणंगले मिरज-कोल्हापूर रेल्वेमार्गावर. मिरजेत विल्यम वॉनलेस यांनी 1894 मध्ये मिशन हॉस्पिटल उभं केलं. त्यामुळे ख्रिस्ती सेवा म्हटलं की नजर हॉस्पिटलकडे जाते. घरी परतल्यानंतरची वीस वर्षं निसटतात.

मंडळीचंही थोडं तसंच होतं. ऑपरेशन असलं की प्रार्थना होते, भेटी होतात, डबा येतो. सहा महिन्यांनी उरतो एक प्रश्न : "आता बरं आहे ना?" याला "नाही" म्हणणं किती अवघड! बरं झालेला साक्ष देतो. बरा न होणारा मागच्या बाकावर. याकोबाच्या पत्रात (अध्याय 5) आजाऱ्यानं मंडळीच्या वडिलांना बोलवावं असं सांगितलंय. पहिल्या आठवड्यात बोलावणं जातंही. तिसऱ्या वर्षी? लाज वाटते हो. म्हणून न बोलावता, ठरलेल्या वारी कुणीतरी जाणं, खेपेला सोबतीची पाळी लावणं, हे मला खर्चिक योजनांपेक्षा मोलाचं वाटतं.

प्रश्नावलीत मी आधी "मंडळी मदत करते का?" असं विचारलं होतं. सगळीकडे "हो". नंतर विचारलं, "गेल्या पंधरवड्यात दवाखान्यात सोबत कोण आलं होतं?" उत्तरं लांबली, वही पुरेना.